आजारपणातून उभा राहिलेला सुयांचा ग्रंथ

चाळिशी ओलांडलेला एक पंडित. निम्मे शरीर बधिर झालेले, उजवा पाय वाळत चाललेला आणि त्यात शंभर दिवस कानांनी ऐकू येईनासे झालेले. जे उपचार मिळाले ते सगळे वरवरचे होते, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मग त्याने वैद्यकाचे जुने ग्रंथ हाती घेतले आणि स्वतःच शिकायला बसला. त्यातून जे पुस्तक तयार झाले, त्यावर चीन आणि जपानमधल्या वैद्यांच्या पिढ्या घडल्या.

या माणसाचे नाव ह्वांगफू मी. जन्म इ.स. 215, मृत्यू 282. आजच्या कान्सू प्रांतातले लिंगताई हे गाव त्याला आपला सुपुत्र मानते. लहानपणी तो चुलत्याच्या घरी दत्तक गेला आणि विशी गाठेपर्यंत नुसता उनाडक्या करत फिरला. एकदा कुठूनशी खरबुजे मिळाली, ती त्याने काकूला आणून दिली. तिने फळांकडे पाहिलेही नाही. वीस वर्षांचा घोडा झालास, शिक्षणाचे नाव नाही, मग या खरबुजांनी मला कसले समाधान मिळणार, असे म्हणून ती रडली. त्या दिवसापासून पोरगा बदलला. घरची गरिबी होती, म्हणून शेतात जातानाही पोथी बरोबर असे. पुढे लोक त्याला ग्रंथांचा व्यसनी म्हणू लागले.

इ.स. 256 नंतरच्या दोनचार वर्षांत आजाराने गाठले, तेव्हा तो वैद्य नव्हता, इतिहासकार होता. प्राचीन राजांची बखर आणि विरक्तांची चरित्रे लिहिणारा. मला सगळ्यात थक्क करते ते हेच, की वैद्यकाकडेही तो इतिहासकाराच्या नजरेने गेला. सुईच्या उपचाराविषयी तीन जुने ग्रंथ त्याच्यासमोर होते. तिन्हींत तेच तेच पुन्हा सांगितलेले, कुठे एकमेकांशी न जुळणारे, कुठे नुसता शब्दांचा फुलोरा. त्याने तिन्ही शेजारी ठेवले, पाल्हाळ छाटला, पुनरुक्ती काढली आणि उरलेले विषयवार लावले. बारा खंड, 128 प्रकरणे. ग्रंथाचे नाव ‘जिया-यी जिंग’. केवळ सुई आणि शेक यांना वाहिलेला, आजही हाती असलेला हा सर्वांत जुना सुसंगत ग्रंथ.

त्यात 349 बिंदू आहेत. एकोणपन्नास शरीराच्या मध्यरेषेवर एकेकटे, उरलेले तीनशे डावीउजवीकडे जोडीने. डोक्यापासून सुरुवात, मग पाठ, चेहरा, मान, छाती, पोट आणि शेवटी हातपाय. प्रत्येक बिंदूपाशी सुई किती खोल घालायची ते दिलेले, आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळवलेली पाने जाळून शेक द्यायचा तर किती वेळा, तेही. सुई किती वेळ ठेवायची? त्या काळी वैद्याच्या हाताशी घड्याळ कुठले! म्हणून वेळ श्वासांत सांगितली आहे: सात उच्छ्वास होईपर्यंत, कुठे सहा, कुठे दहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत आज 361 बिंदू आहेत. सतराशे वर्षांत भर पडली ती फक्त बाराची.

बिंदू शोधायचा कसा, हे आपल्याच पायावर करून पाहता येते. खुर्चीवर बसून गुडघा वाकवा. वाटीच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक खळगा लागेल. अंगठा सोडून चार बोटे जुळवा, तर्जनी त्या खळग्यापाशी टेकवा आणि करंगळीची खालची कड जिथे येते तिथून नडगीच्या हाडापासून बोटभर बाहेर सरका. दाबल्यावर बहुतेकांना तिथे थोडे ठणकते. हा ‘त्सू-सान-ली’, सगळ्या बिंदूंत बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा. इथे माप धरायचे ते रुग्णाच्या बोटांचे, उपचार करणाऱ्याच्या नव्हे. त्यामुळे सहा फुटी पहिलवान असो की पाच वर्षांचे मूल, एकच सूत्र दोघांना लागू पडते.

ह्वांगफू मी स्वतः या सुयांनी खडखडीत बरा झाला का? नाही. जिन घराण्याचा सम्राट वू याने त्याला दरबारात पुन्हा पुन्हा बोलावले, तेव्हा नकार कळवताना त्याने आपली अवस्था सांगितली: अर्धे अंग एकोणीस वर्षे बधिर, आणि वर सात वर्षे एका औषधाचा जाच. हे औषध म्हणजे खनिजांची एक पूड. ती घेतल्यावर थंड अन्न खायचे, थंड पाण्याने न्हायचे, असे तिचे पथ्य. उमरावांमध्ये तिची मोठी चलती होती. तिने अंगात बळ येते, बुद्धी तरतरीत होते अशी ख्याती. आजच्या भाषेत ते तेव्हाचे वेलनेस उत्पादनच. ह्वांगफू मीनेही ती घेतली, पथ्यात चूक झाली आणि भर थंडीत उघड्या अंगाने बर्फ खाण्याची वेळ आली. यातना असह्य होऊन त्याने एकदा जीव द्यायलाही हत्यार उचलले, काकूने अडवले.

मग त्याने या पुडीवरही लिहिले. एका भाऊबंदाची जीभ आत ओढली जाऊन घशात गेली, कुणाच्या पाठीला गळवे होऊन खड्डे पडले, कुणाच्या कण्याजवळचे मांस सडले, असे माणसांच्या नावानिशी नोंदवले. हे लिखाण 610 साली संकलित झालेल्या एका वैद्यकीय ग्रंथातून आपल्यापर्यंत पोहोचले. औषधाचे दुष्परिणाम रुग्णाने स्वतः, नावे देऊन लिहून ठेवावेत, ही तिसऱ्या शतकातली गोष्ट आहे! माझ्या लेखी या नोंदींचे मोल त्याच्या 349 बिंदूंइतकेच आहे.

दरबारात जायचे त्याने टाळलेच, उलट सम्राटाकडे पुस्तके उसनी मागितली. सम्राटाने गाडीभर पाठवली. 701 साली जपानच्या तायहो संहितेने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना जे ग्रंथ नेमून दिले, त्यांत ‘जिया-यी जिंग’ होता.

ही वाट पुढेही रुग्णांनीच राखली. 1822 मध्ये चीनच्या राजवैद्यशाळेतून सुईचा विभाग बंद झाला आणि ही विद्या मागे पडली. 1899 मध्ये जन्मलेल्या चंग दानआनला तरुणपणी कंबरदुखी आणि निद्रानाशाने हैराण केले. पाश्चात्त्य औषधांनी उतार पडेना, तो वडिलांच्या सुयांनी पडला. मग तो वडिलांकडेच शिकला. 1929 मध्ये त्याने संशोधन संस्था काढली, टपालाने धडे पाठवून शिष्य तयार केले आणि शरीरशास्त्र समोर ठेवून बिंदूंच्या जागा नव्याने नक्की केल्या. आज दिसणाऱ्या केसासारख्या बारीक सुयांच्या प्रसारात त्याचा मोठा वाटा आहे.

भारतात ही विद्या आली ती आपल्या ओळखीच्या दारातून. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसे बंगालचे विजयकुमार बसूही होते. कोटणीस 1942 मध्ये तिथेच वारले. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी कोलकात्यात उपचार सुरू केले.

जुन्या ग्रंथांनी हे बिंदू ज्या वाहिन्यांवर मांडले, त्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. जुनाट वेदना, डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांत सुयांचा काही उपयोग होतो असे चाचण्यांत दिसले आहे. मात्र बऱ्याच चाचण्यांत चुकीच्या जागी टोचलेल्या किंवा नुसत्या टोचल्यासारख्या भासवलेल्या सुयांनीही जवळपास तितकाच आराम पडला. सुईने शरीरातली वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, हेही दाखवले गेले आहे. कोडे अजून पुरते सुटलेले नाही, आणि त्यामुळे माझे कुतूहल वाढतेच.

मोठ्या आजारातून उठलेल्या ज्या कुणाला ही विद्या शिकायची ओढ वाटते, त्यांनी ती रीतसर, शरीरशास्त्रासकट शिकावी. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याला कशाने गुण आला हे रुग्णांना जरूर सांगावे, आणि कशाने अपाय झाला तेही तितक्याच मोकळेपणाने. उपचार घ्यायला जाणाऱ्यांनी नोंदणी विचारावी, सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे, आणि चालू असलेले औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.