आरोग्याचा खर्च आणि दारूचे दुकान
पुणे नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांची व्यसनविषयक दृष्टी

व्यसन हा व्यक्तीचा दोष आहे की समाजाचा प्रश्न, याविषयी शहरांच्या कारभारात प्रदीर्घ काळ मतभेद चालत आले आहेत. व्यसनी माणसाला उपदेश करावा, शिक्षा करावी, की व्यसनाची साधने ज्या व्यवस्थेतून त्याच्या दारापर्यंत पोहोचतात तिचाच विचार करावा, या प्रश्नाचे उत्तर कारभारी कोणत्या घरातून आणि कोणत्या अनुभवातून आला आहे यावर पुष्कळसे अवलंबून असते. पुणे शहराच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचे.

शाळा, सत्यशोधक समाज आणि ग्रंथरचना यांमुळे जोतीराव सर्वपरिचित आहेत. मात्र 1876 पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते आणि त्या नात्याने त्यांनी शहरातील मद्यविक्रीचा प्रश्न उपस्थित केला होता, याचा उल्लेख क्वचितच होतो.

1880 चे पत्र

दि. 18 जुलै 1880 रोजी जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना एक पत्र लिहिले. शहरात दारूची दुकाने वाढत चालली असून त्यामुळे अनेक कुटुंबांची धूळधाण होत आहे, हे त्यांनी निदर्शनास आणले. नगरपालिका नागरिकांच्या आरोग्यरक्षणासाठी आरोग्य अधिकारी नेमते, त्यावर पैसा खर्च करते. तेच आरोग्य ही दुकाने पोखरत असतात, असा त्यांचा मुद्दा होता. या दुकानांवर कर बसवून व्यसनाला काही प्रमाणात आळा घालता येईल, अशी सूचनाही त्यांनी केली.

या पत्राची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारीचा नवा कायदा झाला होता. मद्याचे परवाने आणि त्यापासून मिळणारे उत्पन्न सरकारच्या हाती होते. मद्यापासून होणारे आजार आणि दैन्य मात्र शहराच्या वाट्याला येत होते. उत्पन्न एकाकडे आणि परिणाम दुसऱ्याकडे, ही विसंगती जोतीरावांनी नेमकी हेरली. त्यांनी मद्यप्याची निंदा केली नाही. नगरपालिकेपुढे जमाखर्च मांडला.

ही दृष्टी कोठून आली?

जोतीरावांचा जन्म 1827 सालचा. फुलांच्या व्यवसायावरून कुटुंबाला फुले हे नाव पडले होते. वडील गोविंदराव भाजीपाल्याचे दुकान चालवून संसार करीत. जेथे रोजची मिळकत रोजच मोजावी लागते, त्या घरातील हे बालपण होते. अशा घरात मिळकतीला गळती लागली की त्याच दिवशी चुलीवर परिणाम होतो, हे कोणी शिकवावे लागत नाही.

आई चिमणाबाई जोतीरावांच्या तान्हेपणीच निवर्तल्या. त्यांचा सांभाळ सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवा मावसबहिणीने केला. सगुणाबाई एका मिशनरी गृहस्थाच्या घरी मुलांच्या संगोपनाचे काम करीत. निराधार मुले आणि एकाकी स्त्रिया यांचे जीवन जोतीरावांनी असे जवळून पाहिले. पुढे त्यांनी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह याच जाणिवेचे फळ होय. घरातील कर्त्याचे व्यसन स्त्रिया व मुले यांनाच प्रथम भोगावे लागते, हे त्यांच्या पत्रातील कुटुंबांविषयीच्या काळजीमागे असावे.

तिसरा संस्कार शिक्षणाचा. जोतीरावांना मध्येच शाळा सोडावी लागली होती. गफार बेग मुन्शी व लेजिट या शेजारच्या गृहस्थांनी गोविंदरावांचे मन वळविल्यामुळे 1841 मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. संधी हिरावली जाणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच व्हाइसरॉयांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा ती रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी, असे त्यांनी सुचविले. दारूविषयीचे पत्र आणि हा विरोध यांचे सूत्र एकच आहे : सार्वजनिक पैसा कोणाकडून येतो आणि कोणासाठी जातो?

अर्थात केवळ बालपणाने माणूस घडत नाही. तशाच परिस्थितीत वाढलेले अनेकजण पुढे तिच्याकडे पाठ फिरवितात. जोतीराव बांधकामांचे ठेकेदार होते. कष्टकऱ्यांशी त्यांचा नित्य संबंध राहिला. अधिकाराचे पद मिळाल्यावरही तो अनुभव त्यांनी कारभाराच्या भाषेत मांडला, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

पुढील वाटचाल

हा प्रश्न पुण्याने नंतरही सोडला नाही. 1908 मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने शहरात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या 47 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा आणि मादक पदार्थांना प्रतिबंध ही दोन्ही कर्तव्ये एकत्र सांगितली. जोतीरावांनी 1880 मध्ये याच दोहोंची सांगड घातली होती.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात गर्दच्या व्यसनाने शहरातील तरुणांना ग्रासले. तेव्हा डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी व्यक्ती गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका तेथे रुजली. दुकानाचा विचार आणि रुग्णाचा उपचार, या एकाच कार्याच्या दोन बाजू आहेत.

लोकप्रतिनिधींसाठी

आज महाराष्ट्रात ठराविक संख्येने मतदारांनी वा महिला मतदारांनी लेखी मागणी केल्यास दारूच्या दुकानाविषयी मतदान घेता येते. 'आडवी बाटली' या नावाने ते गावोगावी परिचित आहे. कायद्याने साधन दिले आहे. ते वापरण्याची प्रेरणा मात्र प्रतिनिधीच्या जाणिवेतून यावी लागते. ग्रामसभेत आरोग्याच्या खर्चाचा विषय निघेल, तेव्हा त्याच गावात मद्यावर होणारा खर्च आणि त्यामुळे शाळा सोडणारी मुले यांचाही हिशेब शेजारी मांडावा. भाजीपाल्याच्या दुकानदाराच्या मुलाने नगरपालिकेत जाऊन नेमके हेच केले होते.