माहेर, जत्रा आणि थंड हवा : गडहिंग्लज परिसरातील सुटकेच्या स्थळांची नावे

रोजच्या कामाच्या रगाड्यातून चार दिवस बाहेर पडावे आणि मनाजोगत्या ठिकाणी जाऊन राहावे, ही इच्छा सार्वत्रिक आहे. ते ठिकाण कोणते आणि तेथे जाण्याची मुभा कोणाला, हे मात्र समाजागणिक बदलते व त्याचा माग भाषेत टिकून राहतो. मराठीत या इच्छेशी निगडित दोन शब्द नित्य वापरात आहेत : 'सुटी' आणि 'रजा'. व्यवहारात ते समानार्थी मानले जातात. वस्तुतः त्यांच्या मुळाशी दोन निराळ्या कल्पना आहेत. 'सुटी' हे 'सुटणे' या क्रियापदावरून आलेले नाम होय. दाव्याचे जनावर सुटते, शाळा सुटते, गाठ सुटते, त्याच जातीचे हे सुटणे. 'रजा' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ संमती. 'राजी' आणि 'राजीनामा' हे त्याचेच भाऊबंद. सुटीत बंध गळून पडतो, रजेत दुसऱ्या कोणाची तरी अनुमती गृहीत असते. मग ज्यांना पगाराची चाकरी नव्हती आणि म्हणून रजाही नव्हती, अशा शेतकरी स्त्रीपुरुषांची सुटका कोणत्या स्थळी आणि कोणाच्या अनुमतीने होत असे?

या प्रश्नाच्या विचाराला गडहिंग्लजचा परिसर विशेष सोयीचा आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील हे गाव हिरण्यकेशीच्या काठी, मराठी व कन्नड या भाषांच्या सीमेलगत वसले आहे. पश्चिमेस आजरा व त्यापलीकडे आंबोलीचा घाटमाथा. पूर्वेस संकेश्वर आणि हुक्केरी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा पूर्वेकडील भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सोयरिकी, बाजार आणि देवस्थाने यांनी मात्र ती रेषा फारशी मनावर घेतली नाही.

प्रथम 'प्रवास' हा शब्द पाहावा. संस्कृतात प्र + वस् म्हणजे घर सोडून दूर राहणे. त्यात जाण्यापेक्षा राहण्यावर, आणि राहण्यापेक्षा दुरावण्यावर भर आहे. म्हणूनच काव्यशास्त्रात 'प्रवास' हा विप्रलंभ शृंगाराचा एक प्रकार गणला गेला. 'मेघदूता'तील यक्ष रामगिरीसारख्या रम्य स्थळी राहतो, पण ते त्याचे इच्छास्थळ नव्हे. त्याचे इच्छास्थळ अलका, म्हणजे घर. आजच्या कोणत्याही प्रवासी कंपनीने रामगिरीचीच जाहिरात केली असती. मराठीत 'वास' हे उत्तरपद असलेले शब्द बहुतांशी याच दुःखाच्या बाजूला झुकतात : वनवास, अज्ञातवास, तुरुंगवास. आणि त्याच मालिकेत 'सासुरवास'. शब्दशः त्याचा अर्थ केवळ सासरी राहणे; रूढ अर्थ छळ. राहण्याच्या क्रियेलाच छळाचा अर्थ चिकटावा, यावरून त्या राहण्याचे स्वरूप कळून येते.

'सासुरवासा'च्या समोर उभा आहे तो शब्द 'माहेर'. संस्कृत 'मातृगृह' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने तो सिद्ध झाला आहे. माहेरसंबंधी भाववाचक नाम 'वास' जोडून नव्हे, तर 'पण' जोडून रूढ झाले : 'माहेरपण'. माहेरपण हे स्थळ नसून अवस्था आहे. उशिरा उठावे, आयते जेवावे, कोणी काम सांगू नये, अशी. नित्यक्रमातून सुटकेची याहून नेमकी व्याख्या करता येणे कठीण. संतांनी पंढरीला माहेर म्हटले ते याच अवस्थेच्या आधारावर. गडहिंग्लजच्या पूर्वेकडील कन्नड बोलणाऱ्या घरांत याच अर्थी 'तवरुमने' हा शब्द आहे. 'मने' म्हणजे घर. दोन भिन्न भाषाकुळांतील शेजाऱ्यांनी स्त्रीच्या सुटकेचे ठिकाण 'घर' या शब्दानेच सांगावे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

परंतु माहेरी जाणे हे मनात आले आणि निघाले, असे नव्हते. त्यासाठी नागपंचमी, दिवाळी असे निमित्त हवे, सासरची अनुमती हवी, आणि न्यायला कोणी यायला हवे. या न्यायला येणाऱ्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे : 'मुराळी'. बहुधा तो भाऊ असे. जात्यावरच्या ओव्यांत त्याची वाट पाहणे हा फार मोठा विषय आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत संकलित झालेल्या अशा ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या स्वप्नातली ठिकाणे मुख्यतः दोन, माहेर आणि पंढरपूर. या दृष्टीने मुराळी म्हणजे रजेचा चालताबोलता कागद होय. तो आला नाही तर सण घरीच.

दुसरी वाट देवाची. संस्कृत 'यात्रा' म्हणजे जाणे. मराठी 'जत्रा' हा शब्द त्याच मुळाचा, पण त्यातला जाण्याचा अर्थ मागे पडला आणि जमण्याचा पुढे आला. म्हणून जत्रा 'भरते'. कन्नड 'जात्रे' या शब्दाचाही अर्थ असाच. कोल्हापूर भागात तर 'यात्रा' हा तत्सम शब्दही गावच्या देवाच्या उत्सवासाठी सर्रास वापरतात, आणि 'आमच्या गावची यात्रा' म्हणणारा मनुष्य कोठेही जात नसतो, उलट पाहुण्यांना बोलावीत असतो. 'वारी'चे तसे नाही. तिच्यात नियमाने पुन्हा जाण्याचा अर्थ आहे. 'वारी चुकली' असे म्हणता येते, 'सहल चुकली' असे त्या अर्थाने म्हणता येत नाही. चुकण्याजोगे ते कर्तव्य, आणि कर्तव्यासाठी घर सोडण्यास कोणी हरकत घेत नाही.

गडहिंग्लज परिसरातून बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर, पिढ्यान्‌पिढ्या लोक जात आले आहेत. घरकामातून स्त्रियांना मिळणारी ती मोठी मोकळीक. पण याच वाटेवर 'सुटणे' या क्रियापदाचे प्रयोजक रूप भेटते, आणि तेथे अर्थ उलटा होतो. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, तसे सुटणे–सोडणे. 'मुलगी देवीला सोडली', हा देवदासी प्रथेतील वाक्प्रयोग आहे. सोडणारे आईबाप, सोडलेली मुलगी; ती कशातूनच सुटत नाही. तिचे लग्न होत नाही, म्हणून तिला सासर नाही. आणि सासर नाही, म्हणून जेथे ती राहते त्या घराला माहेर म्हणण्याचे कारणही उरत नाही. परस्परांवर उभी असलेली शब्दांची जोडी एकदमच कोसळते. मराठीने अशा स्त्रीसाठी 'जोगतीण', 'देवदासी' अशी नावे ठेवली, परंतु तिच्या विसाव्याच्या जागेसाठी शब्द दिला नाही. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमाने ही प्रथा बेकायदा ठरली. त्या लढ्यात गडहिंग्लजमधील कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे.

यांहून अगदी निराळ्या मार्गाने आलेली कल्पना म्हणजे 'थंड हवेचे ठिकाण'. ही तीन शब्दांची वर्णनात्मक रचना आहे. मराठीत त्यासाठी एकच रूढ शब्द नाही. 'गिरिस्थान' घडविला गेला, पण तो पुस्तकातच राहिला. कारण उघड आहे : केवळ हवेसाठी कोठे जाऊन राहावे, ही कल्पनाच मुळी येथली नव्हती. माल्कमच्या काळात, १८२८ च्या सुमारास, महाबळेश्वरी वसाहत झाली; १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरान पुढे आणले. पठारावरच्या उन्हाने त्रासलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना गारवा हवा होता. पुढे वैद्य-डॉक्टरांच्या सल्ल्याने 'हवापालट' हा शब्द सुशिक्षित घरांत शिरला. 'हवा खायला जाणे' हा प्रयोगही रूढ झाला. आणि सामान्य जनांनी त्याची थट्टा केली ती 'तुरुंगाची हवा खाणे' असे म्हणून.

गडहिंग्लजकरांचे थंड हवेचे जवळचे ठिकाण म्हणजे आंबोली. वेंगुर्ला बंदर ते बेळगावची छावणी या रस्त्यावरील मुक्काम म्हणून इंग्रजी अमलात ते वाढले. तेथे वर्षाला सुमारे सात मीटर पाऊस पडतो. परंतु आंबोलीचे जुने माहात्म्य हवेचे नाही, पाण्याचे आहे. गडहिंग्लजच्या काठाने वाहणारी हिरण्यकेशी तेथेच, एका गुहेतून उगम पावते. उगमाशी देऊळ आहे. महाबळेश्वरचेही तसेच. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र आधीचे, थंड हवा नंतरची. दोन्हीकडे तीर्थावर हवा येऊन बसली आहे. नदीकाठच्या माणसाने नदीच्या उगमाशी जाणे, ही जुनी वाट. आज संकेश्वर–बांदा महामार्गाने पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा पाहावयास जाणारी मंडळी नकळत त्याच वाटेने जातात. आजऱ्याजवळचे रामतीर्थ याच नदीवर. तेथे भक्त तीर्थाला जातात, शाळेची मुले सहलीला आणि तरुण ट्रिपला, स्थळ एकच.

'पर्यटन' हा तत्सम शब्द या सर्वांवर सरकारी छत्राप्रमाणे धरला गेला आहे, विशेषतः १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाल्यापासून. त्याच्या मुळाशी अट्, म्हणजे हिंडणे. देशी 'भटकणे' या शब्दाचे नशीब अधिक चमत्कारिक. गडकिल्ल्यांच्या वाटा तुडविणाऱ्यांनी 'भटकंती' हा शब्द मानाचा केला. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावाने प्रसिद्ध असलेल्या सामानगडावर आज लोक भटकंतीलाच जातात. त्याच क्रियापदावरून आलेला 'भटक्या' हा शब्द मात्र ज्या जमातींना लागला, त्यांना गावोगाव संशयाने पाहिले गेले. घर असलेल्याने भटकावे ती हौस, नसलेल्याने भटकावे तो दोष.

शेवटी एका प्रत्ययाचा विचार आवश्यक आहे. मराठीची जुनी 'ई' ही सप्तमी आजच्या बोलण्यात थोड्याच स्थलवाचक शब्दांशी टिकली आहे : घरी, माहेरी, सासरी, गावी, आणि त्यांच्या विरोधाने परगावी, परदेशी. शेतात, जत्रेत, आंबोलीला या रूपांत ती नाही. आपलेपणाच्या स्थळांनी जुना प्रत्यय सांभाळला, असे म्हणण्यास जागा आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तालुक्यांतून मुंबईच्या कापडगिरण्यांत गेलेल्या कामगारांचे इच्छास्थळ याच गटातले. चाळीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांचे मन गणपतीला, दिवाळीला आणि मे महिन्यात एकाच ठिकाणी धाव घेई. महाबळेश्वर त्यांनी रुपेरी पडद्यावर पाहिले असेल; रजा घेतली ती गावी जाण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटला नाही. असंख्य कामगार परतले. तोवर ज्याच्याविषयी चाळीत 'तो गावी गेलाय' असे सांगत, त्याच्याविषयी आता 'तो गावी असतो' असे सांगू लागले. नाम तेच, प्रत्यय तोच; बदलले ते फक्त क्रियापद.