शिडाच्या बोटीला पंखा कोणता?

गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन दर्यावर्दी अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ते पाच महिने बोट हाकली ती वाऱ्याने. अशा सफरीत पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, नुसता लोढणं ठरतो. मात्र हौशी दर्यावर्दींना बोट रोज धक्क्याला लावायची असते, वारा पडला तरी घरी परतायचं असतं. तिथे पंख्यावाचून चालत नाही.

सर्वांत स्वस्त आणि दणकट म्हणजे तीन पक्क्या पात्यांचा पंखा. इंजिनावर तो छान रेटतो, पण शिडं उभारली की पाणी अडवतो. दोन पात्यांचा पंखा कमी अडवतो. जुन्या, लांब कण्याच्या बोटींवर खलाशी शाफ्टवर, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर, रंगाची खूण करून ठेवतात. खूण वर आली की पाती उभी, कण्याच्या आडोशाला. एरवी पंखा फिरता ठेवावा की अडकवून, हा जुना वाद. स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या चाचण्यांत अडकवलेला पंखाच पाणी जास्त अडवतो, असं दिसलं. तरीही गिअरबॉक्स बनवणाऱ्याची सूचना आधी पाहावी, कारण काही गिअरबॉक्सना असं फिरत राहणं सोसत नाही.

घडीच्या पंख्याची पाती पाण्याच्या ओघाने मागे मिटतात आणि शाफ्ट फिरला की बाहेर फेकली जाऊन उघडतात. अडथळा नाममात्र. गोम आहे ती रिव्हर्समध्ये: तिथे पाण्याचा रेटा पात्यांना मिटवू पाहतो.

‘मॅक्स-प्रॉप’सारख्या फेदरिंग पंख्यात पाती स्वतःभोवती वळून पाण्याला धार दाखवतात. रिव्हर्स घेताना ती पुन्हा वळतात, त्यामुळे मागेही जोर चांगला मिळतो. गर्दीच्या बंदरात हे फार कामाचं. पण किंमत मोठी, आत दातेरी चक्रं, वेळोवेळी ग्रीस हवंच. बार्नेकल, म्हणजे बोटीच्या तळाला धरणारे कवचाचे जीव, चिकटले तर घडीचा आणि फेदरिंग, दोन्ही पंखे अडकतात.

प्रकार ठरला तरी माप उरतंच. १६ × ११ म्हणजे व्यास १६ इंच आणि पिच ११ इंच: पाणी घट्ट असतं तर एका फेऱ्यात पंखा ११ इंच पुढे सरकला असता. माप बरोबर आहे का, हे शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल देऊन कळतं. इंजिन ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचलं नाही आणि काळा धूर ओकू लागलं, तर बहुधा पिच जास्त आहे. आरपीएम सहज ओलांडला, तर कमी.