‘सगळ्यात चांगला क्लच कोणता?’ या प्रश्नाचं काय करायचं

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की त्यांच्या प्रस्तावात एक शब्द हमखास सापडतो: ‘सर्वोत्तम’. सर्वोत्तम मटेरियल, सर्वोत्तम मॉडेल, सर्वोत्तम पद्धत. गाईडला हा शब्द दिसला की पहिला प्रश्न येतो, “कशासाठी सर्वोत्तम?” आणि तिथे बरेच जण अडकतात. माझा विषय घर्षणाचा, म्हणून आज उदाहरण गॅरेजमधलं घेतो. इंजिन ट्यून केलेल्या, पण रोज रस्त्यावर चालवायच्या गाडीला क्लच आणि फ्लायव्हील कोणतं बसवावं?

गाडी घेऊ फोक्सवॅगन गोल्फची चौथी पिढी, १.८ लिटर टर्बो, १५० पीएस, २१० न्यूटन-मीटर टॉर्क. त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आलं होतं, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या हौशी मंडळींना हे प्रकरण नवीन नाही. या इंजिनाचा ईसीयू रीमॅप केला की टॉर्क ३०० च्या आसपास जातो. आणि मग क्लच घसरायला लागतो.

का घसरतो? क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घासणारे पृष्ठभाग किती, घर्षणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि घर्षणाची सरासरी त्रिज्या किती. हिशोबासाठी आकडे धरू. पृष्ठभाग २, घर्षणांक ०.३, दाब ५५०० न्यूटन, त्रिज्या ९१ मिलिमीटर. गुणाकार येतो ३००. म्हणजे कागदावर क्लच पुरतो. पण गरम झाल्यावर घर्षणांक ०.२५ वर आला, तर क्षमता राहते २५०. मूळच्या २१० ला ती पुरत होती, नव्या ३०० ला पुरत नाही. कंपनीने ठेवलेली राखीव क्षमता रीमॅपने खाऊन टाकली, एवढाच याचा अर्थ. क्लच ‘खराब’ नव्हता.

आता ही घसरण पकडायची कशी? अनुभवी मेकॅनिक सांगेल, चौथ्या गियरमध्ये, मधल्या आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच गेला. पहिल्या गियरमध्ये का नाही पाहायचं? इंजिन तर तेच आहे. इथे जरा थांबा आणि स्वतः विचार करा, कारण प्रयोगाची परिस्थिती निवडणं म्हणजे काय ते इथे दिसतं.

इंजिनाचा सगळा टॉर्क क्लचपर्यंत पोचत नाही. त्यातला काही भाग क्रँक आणि फ्लायव्हील स्वतःला वेगात आणण्यातच खर्च होतो. समजा या फिरत्या भागांचं जडत्व ०.२ किलो-मीटर-वर्ग आहे. पहिल्या गियरमध्ये इंजिन सेकंदाला साधारण २०० रेडियन प्रति सेकंद या दराने वेग घेतं, ०.२ गुणिले २००, म्हणजे ४० न्यूटन-मीटर तिथेच गेले. चौथ्या गियरमध्ये तो दर ३० च्या आसपास, म्हणजे फक्त ६ गेले. शिवाय वरच्या गियरमध्ये टर्बोला पूर्ण बूस्ट द्यायला वेळ मिळतो. क्लचवर खरा ताण येतो तो इथे. मेकॅनिकला हे समीकरण माहीत नसेल, पण त्याची चाचणी अगदी बरोबर आहे. अशी ‘गॅरेजची’ विधानं हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी गाळलेली संज्ञा असते.

मग उपाय? गुणाकारातला एखादा आकडा वाढवायचा. दाब ७००० न्यूटन केला तर गरम अवस्थेतही क्षमता ३१८ होते, पण पेडल जड होतं आणि प्रत्येक वेळी क्लच दाबताना क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर जास्त भार येतो. त्रिज्या वाढवायला बेलहाउसिंगमध्ये जागा मर्यादित. दोन प्लेटचा क्लच लावला तर पृष्ठभाग दुप्पट, पण खर्च आणि खडखडाट दोन्ही वाढतात. राहिला घर्षणांक. सिरॅमिक-धातू मिश्रणाची प्लेट लावली की घर्षणांक वाढतो आणि तापमानही सोसतं. ट्रॅकवरच्या गाडीला उत्तम. रस्त्यावर मात्र ती एकदम पकडते, हाफ क्लचवर गाडी हळू सरकवता येत नाही, आणि गाडी थरथरते.

ही थरथर समजून घेण्यासारखी आहे. घसरण्याचा वेग वाढताना घर्षणांक कमी होत असेल, तर घर्षण कंपनं विझवण्याऐवजी त्यांना ऊर्जा देत राहतं. सतारीच्या तारेवर व्हायोलिनचा बो फिरवला तर जे होईल, तसंच. म्हणून कॅटलॉगमधला घर्षणांकाचा एकच आकडा अपुरा असतो. आलेखाचा उतार कुठे जातो, हे त्याहून महत्त्वाचं. यावर आजही पीएचडी होतात.

फ्लायव्हीलकडे वळू. “हलकं फ्लायव्हील लावलं की पॉवर वाढते,” हे तुम्ही ऐकलं असेल. पॉवर अजिबात वाढत नाही. जडत्व कमी होतं, एवढंच. ते किती किलो वजन कमी केल्यासारखं आहे, ते काढता येतं: जडत्वातली घट गुणिले एकूण गियर रेशोचा वर्ग, भागिले चाकाच्या त्रिज्येचा वर्ग. घट ०.०५ धरा, चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर. पहिल्या गियरचा एकूण रेशो १३ असेल तर उत्तर येतं ८८ किलो. मोठा फरक! चौथ्याचा रेशो ४, उत्तर ८ किलो. चौदाशे किलोच्या गाडीत ८ किलो म्हणजे मागच्या सीटवर ठेवलेली एक बॅग. दावा खरा की खोटा, याचं उत्तर ‘कुठल्या गियरमध्ये?’ विचारल्याशिवाय देता येत नाही.

आणि या फायद्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. गाडी जागेवरून निघताना क्लचमध्ये जिरणारी ऊर्जा ढोबळमानाने गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते. १५०० आरपीएमवर क्लच जुळवला तर सुमारे १० किलोज्यूल, ३००० वर जुळवला तर चौपट. त्यातली निम्मी उष्णता फ्लायव्हील घेतं. ट्रॅफिकमध्ये लागोपाठ २० वेळा गाडी उचलली, मध्ये गार व्हायला वेळ मिळाला नाही, तर १० किलोचं फ्लायव्हील सरासरी २० अंशांनी तापेल, ५ किलोचं ४० अंशांनी. प्रत्यक्ष घासणारा पृष्ठभाग याहून कितीतरी जास्त तापतो. कात्रजच्या चढावर रांगेत उभं राहून ज्याने जळक्या क्लचचा वास घेतलाय, त्याला हा हिशोब नाकाने कळलेला आहे.

मूळ गाडीत ड्युअल-मास फ्लायव्हील असतं, म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये लांब स्प्रिंगा. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के देतं. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सुमारे २७. ही रचना ड्राइव्हट्रेनची अनुनाद वारंवारता आयडलच्याही खाली नेऊन ठेवते. ती काढून एकसंध फ्लायव्हील लावलं की न्यूट्रलमध्ये गियरबॉक्स खडखडतो आणि क्लच दाबला की आवाज थांबतो. हा आवाज बहुधा नुकसानीचा नसतो, पण तो रोज ऐकायची तयारी हवी, आणि प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा हव्यातच.

एका बाबतीत मात्र मी ‘परिस्थितीनुसार’ म्हणणार नाही. मूळ ओतीव लोखंडी फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करून देतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ७००० आरपीएमला १३ सेंटिमीटर त्रिज्येची कड ताशी ३४० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. ओतीव लोखंड ताणाला कच्चं. त्यात उष्णतेच्या बारीक भेगा आणि बोल्टची भोकं. ते फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि तुमचे पाय तिथून फार लांब नसतात. हलकंच हवं असेल तर त्यासाठीच बनवलेलं, पोलादी किंवा ॲल्युमिनियमचं घ्या.

मग आपल्या गोल्फचं काय? प्रश्न आता असा लिहिता येतो: ३०० न्यूटन-मीटर, गरम अवस्थेत, रोजचं ट्रॅफिक, पेडल सोसवेल इतपत. याला माझं उत्तर म्हणजे या गाड्यांच्या मंडळींमध्ये वर्षानुवर्षं रुळलेली जोडी: जुन्या कोराडो जी-६० चं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ चा २२८ मिलिमीटरचा क्लच, ऑरगॅनिक प्लेटसह. त्रिज्या थोडी वाढते, दाब वाढतो, घर्षणाचा स्वभाव सौम्य राहतो. वर्षातून आठ वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येईल.

विकत घेताना डब्यावर ‘४०० न्यूटन-मीटरपर्यंत’ असं छापलेलं असतं. तो आकडा कोणत्या तापमानाचा, नव्या प्लेटचा की झिजलेल्या, ते विचारा. डायफ्राम स्प्रिंगचा दाब प्लेट झिजताना आधी थोडा वाढतो आणि नंतर घसरतो, त्यामुळे हा प्रश्न उगाच नाही. आणि बसवल्यावर लगेच डायनोवर नेऊ नका. बरेच उत्पादक आधी ५०० ते ८०० किलोमीटर शहरात, सौम्यपणे चालवायला सांगतात. पृष्ठभाग एकमेकांवर बसेपर्यंत संपर्काचं क्षेत्रच पुरं नसतं, त्यामुळे त्या आधी मोजलेली क्षमता त्या क्लचची नसते.