मिश्री आणि बालकाची वाढ

पहिलीच्या वर्गात एखादे मूल काळवंडलेल्या दातांनी येते, तेव्हा शिक्षक त्यास दात घासून येण्यास सांगतात. वस्तुतः ते मूल दात घासूनच आलेले असते. तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजून तिची पूड बोटाने दातांस चोळण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातही आजी, आई आणि कधीकधी मूलही एकाच डबीतून मिश्री घेताना आढळते. विडी व दारू यांस व्यसन म्हणणारी माणसे मिश्रीस मात्र दंतमंजन समजतात, आणि खरी अडचण येथेच आहे.

तंबाखू भाजल्याने तीतील निकोटीन नाहीसे होत नाही. तोंडातील नाजूक त्वचेतून ते रक्तात उतरते व मेंदूस पोहोचून तेथे सुखाची भावना उत्पन्न करणारी द्रव्ये स्रवावयास लावते. हे वारंवार घडले म्हणजे मेंदू त्यास सरावतो. मग ते न मिळाल्यास चिडचिड होते, चित्त स्थिर राहत नाही. विचार व संयम यांच्याशी निगडित असा मेंदूचा पुढील भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून बालपणी जडलेली सवय अधिक घट्ट बसते. चुळबुळ करणारे प्रत्येक मूल मिश्रीचे असते असे नव्हे. पुष्कळदा ते केवळ उपाशी असते. तथापि त्यास मंद ठरविण्यापूर्वी त्याच्या दातांकडे एकवार पाहावे.

तंबाखूशी बालकाचा संबंध जन्मापूर्वीच येऊ शकतो. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकारी यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्री लावीत असत. अशा मातांच्या बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले व ती सुमारे सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे मोठीशी गोष्ट नव्हे, असे वाटेल. परंतु मुळातच अडीच किलोच्या उंबरठ्यावर असलेल्या बालकास तेवढी घटही जड जाते.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. धूर न काढता तंबाखू कधी तरी वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी तिची चव वयाच्या दहा वर्षांच्या आत घेतली होती. म्हणजे ही बाब हायस्कुलाची नसून प्राथमिक शाळेची आहे.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत, १९७५ साली अण्णा हजारे गावी परतल्यानंतर, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या व पुढे दुकानांतील विडी-तंबाखूची विक्रीही थांबली. तेथे निर्णय गावाने केला होता. मिश्री मात्र घरच्या तव्यावर होते; तिच्यापर्यंत गावाचा ठराव पोहोचत नाही. मातापालक सभेत व्यसनाची निंदा केल्यास स्त्रिया डबी लपवितात. पोटातील बाळाच्या वजनाची गोष्ट सांगितल्यास त्या निदान ऐकून घेतात, आणि अंगणवाडीतील वजनकाटा त्यांच्या परिचयाचा असतो.

२००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास, तसेच १८ वर्षांखालील मुलास ती विकण्यास मनाई आहे. मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यास पुडी आणावयास धाडणाऱ्या गुरुजींनी या दुसऱ्या कलमाकडे विशेष लक्ष द्यावे.