दानाची पावती आणि ३१ मे



मिरजेच्या एका निवृत्त नर्सबाईंनी सुगीच्या सणाला आदिवासी वसतिगृहासाठी ५,००० रुपये पाकिटातून दिले. पुढे त्यांनी विचारले, "करात सूट मिळेल ना?" मला ‘नाही’ म्हणावे लागले.

आयकर कायद्याप्रमाणे २,००० रुपयांवरील रोख दानाला सूट नाही. तेवढी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. धान्य, कपडे आम्ही आनंदाने घेतो, पण सूट पैशांच्या दानालाच आहे. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना तीही मिळत नाही.

२०२१-२२ पासून आणखी एक नियम आहे. वर्षभरातील दात्यांची नावे, पत्ते, पॅन व रकमा आम्ही ३१ मेपर्यंत आयकर खात्याला कळवतो. त्यावरून प्रमाणपत्र निघते. सुटीसाठी तेच लागते, नुसती पावती पुरत नाही. उशीर झाला तर संस्थेला रोज २०० रुपये भरावे लागतात. ते पैसे मुलांच्या डाळ-तांदळाचे असतात.

म्हणून सातारा-सांगलीच्या मंडळ्यांना विनंती, दानासोबत नाव, पत्ता आणि पॅन जरूर कळवा.

यंदा नर्सबाईंनी चेक पाठवला, पण पॅन लिहायला विसरल्या. मी फोन करून विचारून घेतला.