मानाच्या कुस्तीला उरलेली माणसं

ह्या वैशाखात गावच्या दंगलीत शेवटची, मानाची कुस्ती लागली तेव्हा मी माणसं मोजली. मोजता आली, हीच रड. पंच, डफवाले आणि कुल्फीवाला धरून शंभराच्या आत. शेजारी बसलेले आबा म्हणाले, "आते कोन देखस भो कुस्ती?" आणि तेही उठले. गायीची धार काढायची होती म्हणे.

यंदा जळगावच्या महाराष्ट्र केसरी अधिवेशनाला साठ वर्षं होतात. १९६६ साली तिथे दीनानाथ सिंह जिंकले. पुढे १९७१ मध्ये ते हिंदकेसरीही झाले. त्याआधी १९६२ साली अधिवेशन धुळ्यात भरलं होतं, मानकरी भगवान मोरे. स्पर्धा सुरू झाली १९६१ मध्ये. म्हणजे पहिल्या सहा वर्षांत दोनदा ती आमच्या खानदेशच्या दारात आली. ह्या साठीचा एक फलकही मला जळगावात कुठे दिसला नाही. वाढदिवसांचे फलक मात्र चौकाचौकात.

मी १९६६ पाहिलेलं नाही. माझं दशक ऐंशीचं, आणि त्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दंगल. गावाबाहेरचं शेत नांगरून, ढेकळं फोडून, पाणी मारून ठेवलेलं. भोवती बैलगाड्यांचं रिंगण, गाड्यांवर म्हातारी माणसं, बाभळींवर पोरं, आणि जवळच्या घरांच्या धाब्यांवर बाया. गोडीशेवेच्या ताटांवर माश्या आणि धूळ सारखीच बसायची, तरी संध्याकाळपर्यंत ताटं रिकामी. सुरुवात रेवड्यांच्या, म्हणजे पोरासोरांच्या कुस्त्यांनी. मी त्यातच खेळलो. पारोळ्याकडच्या एका पोराने मला डोळ्याचं पातं लवायच्या आत पाडलं. पुढच्या वर्षी मी एक कुस्ती मारली. इनाम पुकारलं अकरा रुपये, हातात पडले सात. चार रुपये कमिटीतल्या कुणी खाल्ले ते मला ठाऊक आहे. तो माणूस आता हयात नाही, पण हिशेब बाकी आहे.

खरी गंमत कुस्तीपेक्षा जोड लावण्यात असे. दोन मल्लांचे हात धरून पंच त्यांना रिंगणभर फिरवायचा. लगेच आरडाओरडा: हा भारी आहे, तो उपाशी दिसतो, ह्याचा खलिफा कोण, त्याचा बाप मालेगावच्या दंगलीत कोणाशी बरोबरीत सुटला होता. मालेगाव, बऱ्हाणपूर, धुळे, शिरपूर, कुठून कुठून मल्ल यायचे. एका जोडीवर अर्धा तास वाद चाले आणि त्या अर्ध्या तासात मल्लाचं गाव, घराणं, खुराक सगळं रिंगणाला पाठ होई. मग कुस्ती लागली की ती आपल्या माणसाची होऊन जाई. निकाली कुस्ती, पाठ मातीला लागली की संपलं. गुण मोजायला कोणी नको, धाब्यावरच्या आजीलाही कळायचं. जिंकलेला पोरगा हात पुढे करून रिंगणातून फिरे आणि नाणी पडत. मुरलेला कंजूषही चार आणे टाकायचा, कारण मघाशी वादात त्यानेच त्याची बाजू घेतलेली असायची.

नव्वदचं दशक मी गाळतो. केबल आली, पोरं रबरी बॉलच्या मागे गेली, मी नोकरीच्या मागे. कोणाला नावं ठेवू?

मधल्या काळात एकदाच छाती फुगली. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीनदा महाराष्ट्र केसरी मारला. २०१६ ला वारजे इथे समोर अभिजित कटके होता. त्या रात्री ज्या घरात कधी लंगोट वाळत घातलेला दिसला नाही, तिथेही फटाके वाजले. म्हणजे माणसाला कुस्ती नको झाली होती असं नाही. त्याला आपला गडी हवा होता, तो मिळाला आणि माणूस जागा झाला. विजय पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. चांगलंच झालं, खुराकाचा खर्च कोण उचलणार होतं, आम्ही?

मग २०१८ मध्ये टीव्हीवाल्यांनी पुण्यात बालेवाडीला कुस्तीची व्यावसायिक लीग भरवली. पुण्याचा संघ, कोल्हापूरचा, साताऱ्याचा, मुंबईचा, विदर्भाचा, मराठवाड्याचा. खानदेशचा नाही. नुकत्याच महाराष्ट्र केसरीच्या तीन गदा मिळवून बसलेल्या मुलखाच्या नावाने एक लंगोटसुद्धा नाही! मला ते तेव्हा झोंबलं, आजही झोंबतं. पण खरं सांगायचं तर संघ असता तरी जळगावात खुर्च्या भरल्या असत्या, असं छातीठोक म्हणवत नाही. पैसे देऊन घेतलेला हरियाणाचा मल्ल जर्सीवर जळगावचं नाव मिरवणार, आणि आम्ही म्हणणार हा आपला? कधीपासून?

वर कुस्तीच्या कारभाऱ्यांची भांडणं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात धाराशिवला एक महाराष्ट्र केसरी झाला आणि फुलगावला दुसरा. २०२५ ला अहिल्यानगरला निकालावरून मल्लाने पंचाला लाथ मारली. आताची कुस्ती म्हणजे सहा मिनिटं, गुण, बाजूला पडदा, पुन्हा पडद्यावर तोच डाव, तरी वाद मिटत नाही. ज्याला माती विभाग आणि गादी विभागाचा फरक समजावून सांगावा लागतो, तो दुसऱ्या वर्षी येत नाही.

आता कोणी जामनेर पुढे करील. फेब्रुवारी २०२५ च्या कुस्ती महाकुंभाला तिथे अलोट गर्दी होती, हे कबूल. नावाजलेले मल्ल, देशाबाहेरचे मल्ल, मंत्री, रोषणाई. ती गर्दी खोटी म्हणण्याइतका मी कडू झालेलो नाही. पण तिच्यातला एक माणूसही तेवढ्याने आमच्या दंगलीकडे वळला नाही. तिथे दिसले ते मोठे मल्ल. रेवड्यांवर खेळणारं पोरगं आमच्या शेतातच दिसणार, आणि तिथे त्याला बघायला आता त्याची आईसुद्धा स्लॅबवर चढत नाही.

तर मानाची कुस्ती. जोड आधीच फोनवर ठरलेली, रिंगणातून फिरवणं नाही, वाद नाही. दोघे उतरले, माती एकमेकांच्या अंगावर टाकली आणि भिडले. मागून कोणीतरी विचारलं, "तो लाल लंगोटवाला कुठला रे?" कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी पंचाला विचारलं. त्याने खिशातला कागद काढून पाहिला. त्यावर नाव होतं, वजन होतं, इनामाची रक्कम होती. गाव लिहिलेलं नव्हतं.